मोळीखालचा मणका

उसण भरली की गावाकडे पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला, माणूस शोधतात. दुखणेकऱ्याला पालथं झोपवायचं, पायाळूने त्याच्या कमरेवर हळूच पाय लावायचा आणि उसण निघाली म्हणायचं. आमच्या आळीत अशा एक मावशी होत्या. सुगीत त्यांना उसंत नसे. ज्वारीच्या काढणीत दारासमोर माणसं कंबर धरून उभी असायची, आणि दोन-चार दिवसांनी तीच माणसं पुन्हा रानात वाकलेली दिसायची. मावशींचा पाय लागला तरी आणि नाही लागला तरी. उसण बहुतेक वेळा आपणहून जाते, म्हणून पायाळूची कीर्ती टिकते. हीच गोष्ट मलमांची, शेकाची, निर्गुडीच्या पाल्याची. खरं सांगायचं तर बऱ्याचशा इंजेक्शनांचीही.

कंबरदुखीबद्दल गेल्या चाळीस वर्षांत जगभर जे संशोधन झालं, त्यातली पहिली ठळक गोष्ट हीच आहे. अचानक उद्भवलेलं कमरेचं दुखणं बहुतेकांत काही आठवड्यांत उतरतं. दुसरी गोष्ट तितकीच ठळक आहे, पण आपल्याकडे कमी सांगितली जाते. ते दुखणं परत येतं. ज्याला रोज तेच ओझं उचलायचं आहे, त्याच्याकडे तर हटकून येतं.

दुखण्याचा पसारा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत कंबरदुखी पहिली. त्यातल्या सुमारे ९० टक्के दुखण्यांना डॉक्टर बोट ठेवून एक कारण दाखवू शकत नाहीत. स्नायू, सांध्यांचे बंध, चकत्या, थकवा, झोप, काळजी असं सगळं मिळून ते दुखणं बनलेलं असतं.

तरी पेशंटला कारण हवं असतं, आणि ते विकतही मिळतं. 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य तालुक्याच्या गावी ज्याने ऐकलं नाही असा कष्टकरी विरळा. उसनवारी करून एमआरआय काढला जातो, त्यात चकती फुगलेली दिसते आणि माणूस आयुष्यभरासाठी 'गॅपवाला' होतो. २०१५ साली एका मोठ्या आढाव्यात, ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा माणसांच्या कण्याच्या चित्रांचे अभ्यास एकत्र केले गेले. विशीतल्या ३७ टक्के धडधाकट लोकांत चकती झिजल्याच्या खुणा होत्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. म्हणजे केस पांढरे व्हावेत तसे मणकेही वय दाखवतात. चित्रात दिसलेली झीज हेच दुखण्याचं कारण, असं समजायला फारसा आधार नाही. पण 'गॅप' ऐकलेला माणूस वाकायला घाबरतो, हालचाल आखडती घेतो, आणि त्या भीतीनेच दुखणं लांबतं.

इथवरचं ज्ञान सगळ्या पाठींना लागू आहे. बँकेतल्या, संगणकापुढच्या, स्कूटरवरच्या. उघड्या रानात ओझी वाहणाऱ्या पाठीची गोष्ट इथून वेगळी होते.

ऊसतोडीचा फड घ्या. दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती टनावर फेडायची. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडच्या कांड्यांत जास्त असते. उंच तोडला तर कारखान्याचा उतारा, म्हणजे उसामागे मिळणारी साखर, घटतो. कारखान्याचा उतारा टिकतो तो असा, तोडणाऱ्याच्या कमरेवर. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. एक ऊस सव्वा-दीड किलोचा धरला तर ते हजार ते सोळाशे ऊस झाले. तोडणारा प्रत्येक उसागणिक सरळ उभा राहत नाही. वाकलेलाच पुढे सरकतो, तास-दीड तास. सरळ होतो तो कोयत्याला धार लावताना नाहीतर पाणी पिताना, आणि होताना एक हात मागे माकडहाडावर टेकलेला असतो.

मग वाढं छाटायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची. मोळी तीस-चाळीस किलोची. डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्या टोळ्यांना 'डोकी सेंटर' म्हणतात. त्यांचं खरं ओझं यानंतर सुरू होतं. ट्रक नाहीतर ट्रॅक्टर रात्री दोनला आला तर रात्री दोनला भरायचा. गाडीला तिरकी फळी लावलेली असते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि त्या फळीवरून वर. दोन टनांचा हिशेब पन्नास-साठ मोळ्यांचा होतो. फडात उभं राहून पाहिलं तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. मोळी डोक्यावर गेल्यावर बाई झपाझप चालते. कस लागतो तो त्याआधी, मोळी जमिनीवरून डोक्यापर्यंत जाते त्या दोन-तीन सेकंदांत. कुणी समोरून हात लावला तर ती सहज जाते. हात लावणारं कुणी नसलं तर बाई आधी मोळी उभी करते, खाली बसते, डोकं मोळीखाली घालते आणि एका झटक्यात उठते. तो झटका मणक्यावर पडतो.

त्या झटक्यात आत काय होतं, हे मोजलेलं आहे. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजायला सुरुवात केली. १९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून रोजच्या हालचाली मोजल्या. नुसतं उभं असताना दाब अर्धा मेगापास्कल. वीस किलोचं ओझं पाठीतून वाकून उचललं तर २.३, गुडघ्यांत वाकून उचललं तर १.७, आणि तेच ओझं अंगाशी धरून उभं राहिलं तर १.१. माणूस एकच होता, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. पण दोन गोष्टी कळतात. ओझं अंगापासून जितकं लांब तितकं ते मणक्याला जड. आणि गुडघ्यांत वाकलं तरी दाब काही नाहीसा होत नाही.

त्या जगप्रसिद्ध सल्ल्यामागे हाच विचार आहे: पाठ ताठ ठेवा, गुडघ्यांत वाका. कारखान्यांच्या भिंतींवर त्याची चित्रं असतात, हिरवी बरोबरची खूण केलेला माणूस आणि लाल फुली मारलेला माणूस. सल्ला चुकीचा नाही. पण तो शिकवून कंबरदुखी कमी होते का, हे तपासायला २००८ साली एक आढावा घेतला गेला. त्यात रुग्णांना उचलणाऱ्या परिचारिका होत्या, विमानतळावर सामान चढवणारे कामगार होते, टपाल खात्यातले कामगार होते. उचलण्याचं प्रशिक्षण दिल्याने दुखणं टळतं असा पुरावा मिळाला नाही. मला यात नवल वाटत नाही. पन्नासाव्या मोळीला गुडघ्यांत वाकायला मांड्यांत जीव उरत नाही. उसाच्या सरीत, चिखलात, फळीवर चित्रातल्यासारखं उभं राहायला जागाही नसते. आणि टनावर पैसे असलेला माणूस जी पद्धत झटपट तीच वापरणार. चित्रातल्या माणसाच्या मागे मुकादम उभा नसतो.

कंबरपट्ट्याचंही तसंच. औषधाच्या दुकानात टांगलेला रुंद, आवळणारा पट्टा हमाल, गवंडी, ट्रकवाले मोठ्या विश्वासाने घेतात. अमेरिकेत १६० दुकानांमधल्या माल उचलणाऱ्या कामगारांवर झालेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पट्टा बांधणाऱ्यांत आणि न बांधणाऱ्यांत कंबरदुखीचा फरक आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही पट्टे, वजन लावून कंबर ताणणं आणि अफूवर्गातली वेदनाशामकं नित्याच्या उपचारातून वगळली आहेत. ज्याला पट्ट्याने चार दिवस धीर येतो त्याने तो बांधावा. पट्टा आहे म्हणून जादा पोतं उचलू नये.

आता विश्रांती. 'महिनाभर अंथरुणातून उठू नका' हा जुन्या डॉक्टरांचा आवडता हुकूम होता. १९८६ साली टेक्सासमधल्या एका अभ्यासात काही रुग्णांना दोन दिवस पडून राहायला सांगितलं, काहींना सात. दोन दिवसवाल्यांचा कामाचा खाडा ४५ टक्क्यांनी कमी झाला आणि बरे होण्यात ते मागे राहिले नाहीत. १९९५ साली हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास त्याच्या पुढे गेला. जमेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे, पडून राहणाऱ्यांपेक्षा आणि खास व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही लवकर बरे झाले. त्यामुळे आज सगळे एका सुरात सांगतात: हिंडते-फिरते राहा.

हा सल्ला फडात नेताना मात्र जपून न्यावा लागतो. हिंडतं राहणं म्हणजे चाळीस किलोची मोळी उचलत राहणं नव्हे. महापालिकेच्या कर्मचाऱ्याला दुखऱ्या दिवसांत हलकं काम मागता येतं आणि पगार चालू राहतो. ऊसतोडीत खाडा म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर दंड. तिथे माणसापुढे दोनच वाटा असतात, पूर्ण काम किंवा काहीच नाही. दुखऱ्या पाठीला हवी असते ती मधली वाट: दोन-चार दिवस कमी ओझं, जास्त चालणं, पाचट काढणं, मोळ्या बांधणं. ती टोळीच्या समजुतीवर चालते. चांगली टोळी ती देतेही. दुखणेकरी मोळ्या बांधतो, बाकीचे वाहतात, आणि पुढच्या आठवड्यात फेड होते. कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात न सापडणारा हा उपचार मला सगळ्यात शहाणा वाटतो.

व्यायामाबद्दलही असाच घोटाळा आहे. 'मी दिवसभर राबतो, मला कसला व्यायाम' हा प्रश्न कष्टकरी विचारतो, आणि तो रास्त आहे. व्यायामात माणूस थांबू शकतो, सांधे सर्व बाजूंनी फिरवतो, दमला की सोडतो. कामात यातलं काही हातात नसतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात कंबरदुखीतून उठलेल्यांना टप्प्याटप्प्याने चालायला लावलं. दुखणं परत यायला त्यांना, मध्यक पाहता, २०८ दिवस लागले, बाकीच्यांना ११२. फुकटचा उपाय म्हणून हे उत्तम आहे. पण दिवसभर फळीवर चढ-उतार करणाऱ्या बाईला संध्याकाळी 'चालायला जा' म्हणणं हा आगाऊपणा ठरेल. तिला उलट बाजूची हालचाल हवी. वाकून काम झालं की कमरेवर हात ठेवून मागे झुकणं, पालथं पडून कोपरांवर छाती उचलणं, पाठीवर पडून गुडघे पोटाशी घेणं. भाकरी भाजून होईतो पाच मिनिटं निघतात, नवऱ्याने तवा सांभाळला तर.

वेळेचीही एक गंमत आहे. रात्री पडल्या पडल्या मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा साधारण सेंटीमीटरभर उंच असतो. फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते, म्हणून उठल्यावरचा पहिला तास वाकायला सगळ्यात वाईट. १९९८ सालच्या एका प्रयोगात सकाळचं वाकणं टाळायला शिकवल्यावर जुनाट दुखणं कमी झालं होतं. आणि आपला ऊसतोड्या पहाटे उठून थंडीने आखडलेल्या अंगाने थेट बुडख्याला वाकतो. पहिला अर्धा तास उभ्याने करायची कामं घेतली तर दाम लागत नाही.

गोळ्यांबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे. २०१४ साली ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉल ताज्या कंबरदुखीत साखरेच्या गोळीहून सरस ठरलं नाही. २०२३ मध्ये अफूवर्गातल्या औषधाचा निकालही तसाच लागला. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी थोडा आराम पडतो. पण ती उपाशीपोटी जठर जाळतात, आणि उन्हात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या ऊसतोड कामगारांत, तरुण वयात मूत्रपिंडं निकामी होण्याची साथच आली. उष्णता आणि जड श्रम हे तिचं मोठं कारण मानलं जातं, आणि वेदनाशामकं त्यात भर घालत असावीत. तिथे उपाय म्हणून पाणी, विश्रांती आणि सावली यांचं वेळापत्रक फडात बसवलं गेलं. आपल्याकडे गावातल्या दुकानात 'अंगदुखीची पुडी' मागितली की चार रंगांच्या गोळ्या कागदात बांधून मिळतात. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइडही असतं. त्या पुडीने बरं वाटतं, हीच तिची भीती. ज्या दुखण्याने माणसाला थांबवायचं, तेच ती गप्प करते.

काही दुखणी मात्र गप्प करून चालतच नाहीत. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघेत आणि बैठकीच्या जागेवर बधिरता आली, पायातला जोर गेला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. तिथे तासांचा हिशेब असतो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत बारीक ताप, वजन उतरणं, जुना खोकला असेल तर मणक्याचा क्षय तपासायला हवा. तो औषधांनी बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात. पडल्यावर सुरू झालेलं दुखणंही अंगावर काढू नये. ही झाली मोजकी दुखणी. बाकी बहुसंख्य पाठींना ना चित्र लागतं ना चाकू.

चाकूवरून बायकांची गोष्ट निघते. तिच्याशिवाय हा आढावा खोटा ठरेल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जातात, हे २०१९ साली देशभर गाजलं. राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांची नोंद झाली, त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. डॉक्टरकडे जाताना अनेकींची तक्रार काय असायची? अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं आणि कंबर दुखणं. कमरेला कारण होतं मोळीचं, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत पुन्हा फडात उतरण्याचं, पाणी आणि आडोसा नसण्याचं. काढली गेली पिशवी. शस्त्रक्रियेनंतरही कंबर दुखतेच, असं सांगणाऱ्या बायका त्या भागात आजही भेटतात. कंबरदुखीचं चुकीचं निदान किती महाग पडू शकतं, याचं याहून जळजळीत उदाहरण मला माहीत नाही.

मग खरा उपाय कुठे आहे? जिथे जिथे कष्टकऱ्यांच्या पाठी खरोखर हलक्या झाल्या, तिथे बदल शरीरात झाला नव्हता, कामात झाला होता. कॅलिफोर्नियातल्या भाजीच्या मळ्यांत मेक्सिकन मजुरांना आखूड दांड्याची कुदळ दिली जाई. दांडा आखूड, म्हणजे मजूर सतत कमरेत वाकलेला. मालकांचं म्हणणं, काम नाजूक होतं. शिवाय वाकलेला मजूर काम करतोय आणि उभा राहिलेला करत नाही, हे बांधावरून दिसायचं. मजुरांनी दावा लढवला, डॉक्टरांनी साक्षी दिल्या, आणि १९७५ साली ती कुदळ बंद झाली. दांडा लांब झाला आणि शेती बुडाली नाही. आपल्याकडे खुरपं अजून वीतभरच आहे. सायकल कोळपं आलं आहे, उभ्याने चालवता येतं, दोन ओळींमधलं तण छान निघतं. पण खुरपणीची मजुरी बायकांची आणि स्वस्त, म्हणून ते विकत घ्यायची घाई कुणाला नसते.

ओझ्याचंही तसंच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली, बायकांसाठी त्याहून बरीच कमी. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या सूत्रात तर सगळी परिस्थिती आदर्श असतानाही उचलायचं वजन २३ किलोंपासून मोजतात, आणि वाकणं, वळणं, लांबून उचलणं यांसाठी त्यातून वजावट करत जातात. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतकं ओझं कुणाला उचलायला लावू नये असं म्हटलं, पण तो कायदा फाटकाच्या आतला होता. फड फाटकाबाहेर. बाजार समित्यांतल्या हमालांनी संघटना केल्या, १९६९ साली माथाडी कायदा मिळवला, क्विंटलाच्या पोत्याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. आज धान्याचं नेहमीचं पोतं पन्नास किलोचं आहे. पन्नासही जास्तच, पण शंभराचं पन्नास होणं हे हमालाच्या पाठीला कुठल्याही तेलापेक्षा जास्त लाभलं.

ऊसतोडीत वाटाघाटी होतात त्या टनाच्या दरावर. २०२४ च्या सुरुवातीला दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही संपाच्या दबावाने. वाढ हवीच होती. मोळीच्या वजनावर मात्र कुणी अडून बसल्याचं मी ऐकलेलं नाही. मोळी पंचवीस किलोची बांधली तर फेऱ्या वाढतील, वेळ वाढेल, हे खरं. म्हणून वजनासोबत दरही बोलावा लागेल, आणि गाडी भरण्याचा मोबदला तोडणीपासून वेगळा मोजावा लागेल. फळीऐवजी कडेला पकड असलेला रुंद, खरबरीत चढ, मोळी ठेवायला मांडीइतक्या उंचीचा लाकडी घोडा, गाडी यायची ठरलेली वेळ, यांपैकी कशालाच मोठं संशोधन लागत नाही. घोडा तर गावचा सुतार दिवसात करील. मोळी जमिनीऐवजी मांडीच्या उंचीवरून उचलली की तो झटका निम्म्याहून जास्त टळेल, असं मला वाटतं. ऊसतोडणीची यंत्रं येत आहेत, पण लहान तुकड्यांत आणि आडव्या-तिडव्या सऱ्यांत ती फिरत नाहीत. पुढची कितीतरी वर्षं मोळी डोक्यावरूनच जाणार आहे.

कारखान्यांचे संचालक, मुकादम आणि कामगारांच्या संघटना पुढच्या करारासाठी बसतील, तेव्हा दराच्या रकान्याशेजारी एक रकाना वाढवा. त्यात मोळीचं जास्तीत जास्त वजन किलोमध्ये लिहा, आणि फडावर एक ताणकाटा टांगा.